तक्त्यावर ६/६, तरी क्रेन नको: कारखान्याच्या वैद्यकीय तपासणीत काचबिंदू सांगण्याचं एक प्रकरण

हे प्रकरण २०२२-२३ मधलं आहे. माणसाची आणि कारखान्याची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. वैद्यकीय बाबी आणि घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे. मी त्या वेळी तिथल्या मेडिकल रूमचा अर्धवेळ डॉक्टर होतो. कायद्याची कलमं त्या वेळी लागू असलेली दिली आहेत. त्यानंतर कामगार संहिता आल्या आहेत, तेव्हा आपल्या प्रकरणात ती नव्यानं तपासून घ्यावीत.

पार्श्वभूमी

शॉपमध्ये त्यांना सगळे दादा म्हणत, इथेही तेच म्हणू. पुण्याच्या उत्तरेकडच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे पत्रा दाबून भाग बनवणाऱ्या विभागात, ते क्रेन ऑपरेटर होते. वय ४७, पर्मनंट, हाताला सफाई अशी की अवघड डाय (पत्र्याला आकार देणारा जड साचा) बसवायची असली की सुपरवायझर त्यांचीच शिफ्ट बघून काम लावायचा. क्रेन १५ टनी ईओटी, म्हणजे डोक्यावरच्या रुळांवर चालणारी विजेची, पण केबिनची नाही, रिमोटची. म्हणजे ऑपरेटर वर बसत नाही. रिमोट कमरेला लावून लोडबरोबर खालून चालतो. पाच-सात टनांची डाय हवेत, समोर स्लिंगर (लोड स्लिंगनं हुकाला अडकवणारा) हातानं खुणा करतोय, बाजूनं फोर्कलिफ्ट स्क्रॅपची बिन घेऊन निघालीय, आणि पायाखाली तेलकट जमीन. या कामात नजर एकाच वेळी खाली, समोर आणि वर लागते. प्रकरणाचा पुढचा सगळा गुंता याच एका गोष्टीत आहे.

जवळचं वाचायला त्रास होतो म्हणून दादा चाळिशीचा चष्मा करायला गेले. चष्म्याच्या दुकानातल्या मशीनवर नंबर काढून न घेता ते नेत्रतज्ज्ञांकडे गेले, हे त्यांचं नशीब. उजव्या डोळ्यातला दाब ३२ निघाला, डाव्यातला २६. सर्वसाधारण माणसात तो १० ते २१ मिलिमीटर पारा असतो. थोरल्या भावाचा एक डोळा काचबिंदूनं, म्हणजे बहुधा वाढलेल्या दाबामुळे दृष्टीची नस खराब करणाऱ्या आजारानं, गेलेला होता, म्हणजे घरात आजार होताच. दृष्टिक्षेत्राची, म्हणजे नजर समोर स्थिर ठेवून आजूबाजूला किती दिसतं याची, तपासणी झाली: उजव्या डोळ्याचं वरचं क्षेत्र कमानीसारखं गेलेलं, नाकाकडची बाजूही गेलेली, डाव्या डोळ्यात वरच्या बाजूला सुरुवात. दुखणं नाही, लाली नाही, समोरचं स्पष्ट दिसतंय. काचबिंदू बहुधा असाच येतो, आणि त्यात गेलेलं परत मिळत नाही. उरलेलं राखता येतं. दोन प्रकारचे थेंब सुरू झाले, त्यातलं एक टिमोलॉल.

ग्राइंडिंगचा कण डोळ्यात गेला की औषधाच्या दुकानातून ‘लाल डोळ्यांचे थेंब’ आणून घालायची या शॉपमध्ये जुनी पद्धत होती. अशा पुष्कळ थेंबांत स्टेरॉइड असतं आणि ते दीर्घकाळ घातलं तर काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो. दादांनीही ते वर्षानुवर्षं घातले होते. त्यांच्या आजारात त्याचा वाटा किती, हे आता ठरवता येत नाही.

निदानानंतर एक सहामाही तपासणी झाली. तिच्यात दादा काही बोलले नाहीत.

समस्या

क्रेन, फोर्कलिफ्ट चालवणाऱ्यांचे डोळे ठरावीक काळानं तपासावेत, असं अनेक राज्यांच्या कारखाना नियमांत आहे: वयाच्या ४५ पर्यंत दर १२ महिन्यांनी, पुढे दर सहा महिन्यांनी, दृष्टी आणि रंगदृष्टी दोन्ही. नियम चांगला आहे. पण शॉपमध्ये तो कसा पाळला जातो ते बघा. तपासणीची गाडी येते, सहा मीटरवर अक्षरांचा तक्ता लागतो, एक डोळा झाकून वाचायचं, मग ठिपक्यांच्या पुस्तकातले आकडे ओळखायचे. माणूस दोन-तीन मिनिटांत बाहेर. हा तक्ता नजरेच्या मधल्या काही अंशांचीच परीक्षा घेतो. काचबिंदूत तो भाग बहुधा शेवटी जातो. दादा चष्मा लावून दोन्ही डोळ्यांनी ६/६ वाचत होते, रंग बरोबर ओळखत होते. शिक्का: फिट.

फॉर्मवर एक प्रश्न होता: ‘डोळ्यांचा काही आजार आहे का? हो / नाही.’ खाली सही, आणि खोटी माहिती दिल्यास शिस्तभंगाची कारवाई होईल अशी ओळ. भरलेला फॉर्म सुपरवायझरकडे, तिथून एचआरकडे, आणि सगळ्यात शेवटी माझ्याकडे यायचा. म्हणजे ‘हो’ लिहिलं तर ते डॉक्टरच्या आधी दोन टेबलांवर वाचलं जाणार. अशा फॉर्मवर प्रामाणिक उत्तराची अपेक्षा ठेवणं मला तेव्हाही पटत नव्हतं.

त्याच्या पुढच्या सहामाही फेरीत प्रकरण उघडलं ते डोळ्यांमुळे नाही, नाडीमुळे. सिस्टरनं दादांची नाडी ५२ लिहिली. आधीच्या नोंदींत ती सत्तरच्या आसपास. ईसीजीत मंद ठोक्यांखेरीज काही नव्हतं. मी विचारलं, काही औषधं चालू आहेत का? “नाही साहेब.” हे खोटं नव्हतं. डोळ्यातल्या थेंबांना पुष्कळ लोक औषध धरतच नाहीत; औषध म्हणजे गोळी किंवा इंजेक्शन. टिमोलॉल मात्र डोळ्यातून रक्तात उतरतं आणि नाडी मंद करतं, दमेकऱ्याला तर श्वासाचा त्रास देतं. मी पुढचा प्रश्न विचारला: डोळ्यात, नाकात काही घालता का? दादा क्षणभर थांबले आणि “चष्म्याचे आहेत कसले तरी” म्हणून उठले.

एक-दोन दिवसांनी शिफ्ट सुटल्यावर ते हॉस्पिटलची फाइल प्लास्टिकच्या पिशवीत घालून आले. “डॉक्टरसाहेब, लिहू नका काही. आधी ऐका.”

पहिला निर्णय: फाइल उघडायच्या आधी काय सांगायचं

कारखान्याच्या डॉक्टरचा पगार कंपनी देते आणि समोर बसतो कामगार. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेप्रमाणे रुग्णाचं गुपित राखायचं असतं. अपवाद मोजके, त्यातला एक म्हणजे विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर आणि ठोस धोका असेल तेव्हा. हवेत झुलणारी डाय आणि तिच्याखाली वावरणारा स्लिंगर, हा ठोस धोकाच.

म्हणून मी फाइल हातात घेतली नाही. म्हटलं, “दादा, आधी हे ऐका. आजाराचं नाव तुमच्या परवानगीशिवाय इथून बाहेर जाणार नाही. पण त्यामुळे क्रेनवर कुणाला इजा होईल असं मला वाटलं, तर क्रेन बंद म्हणून मला लिहावंच लागेल. हे मान्य असेल तर फाइल द्या.” ते बराच वेळ बसून होते. मग म्हणाले, “क्रेन बंद म्हणजे भत्ता बंद.” मी हो म्हटलं. त्यांनी फाइल पुढे केली.

फाइल आधी वाचून अट नंतर सांगितली असती, तर पुढच्या साऱ्या बोलण्यावरचा त्यांचा विश्वास तिथेच संपला असता, असं माझं मत आहे. काही सहकाऱ्यांना हे पटत नाही. धोका असताना माणसाला मागे फिरायची संधी का द्यायची, असं ते विचारतात. पण मागे फिरलेला माणूस निदान कुठे जायचं ते ओळखून असतो.

समोर असलेले पर्याय

गप्प राहायचं, हा पहिला आणि सगळ्यांना सोपा वाटणारा. युनियनच्या एका प्रतिनिधीनं दादांना खासगीत हेच सांगितलं होतं: दिसतंय ना, मग तोंड कशाला उघडता? त्यांच्या डोळ्यांपुढे एक जुनं उदाहरण होतं. आकडी येणाऱ्या एका कामगाराला आधी गेटवर बसवलं आणि वर्षभरात त्याचा हिशोब करून टाकला होता. पण गप्प राहायचं म्हणजे नुसतं न बोलणं नव्हे. आजार ठाऊक असताना ‘नाही’वर सही करणं. अपघात झालाच, तर चौकशीत पहिल्यांदा तोच कागद निघणार. आणि टिमोलॉलची नाडी दर सहामाहीला चुगली करणार होतीच.

फॉर्मवर सगळं लिहून टाकायचं, हा दुसरा. प्रामाणिक आणि सर्वांत धोक्याचा. धोका ‘अनफिट’ या शिक्क्यात. औद्योगिक विवाद अधिनियम १९४७ मधल्या कपातीच्या (कामगार कमी करण्याच्या) व्याख्येतून ‘सततच्या आजारपणामुळे’ केलेली सेवासमाप्ती वगळलेली आहे, कलम २(ओओ)(सी). म्हणजे तसं कारण दाखवून काढलं तर कपातीची नुकसानभरपाई लागू होत नाही. ग्रॅच्युइटी मिळते, बस. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चं कलम २०(४) नोकरीत असताना दिव्यांगत्व आलेल्याला कमी करू नका म्हणतं, पण ते सरकारी आस्थापनांसाठी. खासगी कारखान्यात त्याचा थेट आधार नाही. दिव्यांग प्रमाणपत्राचाही उपयोग नव्हता. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असला तरी ३० टक्के धरतात, आणि ठळक लाभांसाठी ४० लागतात. दादांचं मधलं दिसणं तर दोन्हीकडे शाबूत.

आजारी रजा घेऊन उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं आणि मग सांगायचं, ही दादांच्या मिसेसची सूचना. यात एक गैरसमज होता. घरच्यांच्या डोक्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, ज्यानंतर दिसायला लागतं. काचबिंदूचं ऑपरेशन दाब उतरवण्यासाठी असतं, त्यानं दिसणं सुधारत नाही; आणि नंतर धुळीच्या, तेलाच्या वाफेच्या जागी डोळ्याला संसर्गाची भीती वर्षानुवर्षं राहते. नेत्रतज्ज्ञही तेव्हा ऑपरेशनला घाई करायच्या मताचे नव्हते.

कारण न सांगता बदली मागायचा विचारही दादांनी करून पाहिला होता. कसबी ऑपरेटर कारणाशिवाय कोण सोडतो?

उरला तो मधला रस्ता. फॉर्मवर ‘हो’ लिहायचं, पण आजाराचं नाव नाही. कागद फक्त मेडिकल रूममध्ये. आणि एचआरला जायचं ते निदान नव्हे, तर कामाच्या मर्यादांचं पत्र.

केलेली कारवाई

त्याच संध्याकाळी मी दादांना क्रेनवरून तात्पुरतं उतरवलं. कारण लिहिलं: वैद्यकीय तपासणी चालू. सुपरवायझरनं फोन करून विचारलं, “साहेब, उद्या दोन डाय चेंज आहेत, सोमवारपासून उतरवलं तर नाही का चालणार?” नाही, म्हटलं.

फॉर्मवर दादांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘हो. उपचार चालू. कागद मेडिकल रूममध्ये दिले.’ सही केली.

मग नेत्रतज्ज्ञांना पत्र. त्यांच्या केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात ‘नोकरी’ असं लिहिलेलं होतं. दादा काय चालवतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलं नव्हतं. ‘हा माणूस फिट आहे का’ असं विचारलं तर उत्तर ‘उपचारांनी नियंत्रणात’ असं येतं आणि त्याचा कारखान्यात काडीचा उपयोग नसतो. म्हणून मी काम सविस्तर लिहिलं आणि प्रश्न सुटे केले: दोन्ही डोळे उघडे असताना क्षेत्र किती? खोलीचा अंदाज कसा? अंधुक उजेडात काय होतं? पुढची तपासणी कधी? टिमोलॉल बदलता येईल का?

दोन्ही डोळे उघडे ठेवून करायची एस्टरमन चाचणी झाली. तिचा निकाल जवळजवळ स्वच्छ आला आणि दादांचा चेहरा खुलला. इथे प्रकरण चुकीच्या दिशेला जाऊ शकलं असतं. ही चाचणी प्रामुख्यानं वाहन चालवण्याच्या दृष्टीनं वापरतात. तिच्या १२० बिंदूंपैकी जास्त बिंदू खालच्या क्षेत्रात असतात आणि अगदी मधला भाग तर ती तपासतच नाही. रस्त्यावर बघणाऱ्याला हे ठीक. आमच्या माणसाचं काम वरचं. नेत्रतज्ज्ञांनी मग दोन्ही डोळ्यांचे सुटे आलेख एकमेकांवर धरले. एका डोळ्यात गेलेलं दुसरा भरून काढतो, पण दोन्ही डोळ्यांत तीच जागा गेली असेल तर तिथे भरायला कुणी नसतं. केंद्राच्या थोडं वर अशी एक पट्टी निघाली.

सेफ्टी ऑफिसरला घेऊन मी बेमध्ये, म्हणजे क्रेन फिरते त्या जागेत, उभा राहिलो. ऑपरेटर लोडपासून साधारण चार मीटरवर असतो आणि नजर डायच्या खालच्या कडेवर, कारण ती पिनांवर बसवायची असते. हुक आणि स्लिंगचा कोन त्या नजरेच्या मीटरभर वर. म्हणजे केंद्रापासून सुमारे १४ अंश. नेमकी तीच पट्टी. दादांनी नंतर सांगितलं की अलीकडे हुक बघायला त्यांना मान उचलावी लागत होती आणि ते मानेचं दुखणं समजून चालले होते.

एचआरला दिलेल्या पत्रात चार गोष्टी होत्या: क्रेन आणि फोर्कलिफ्ट चालवणं कायमचं बंद, उंचीवरचं काम आणि स्लिंगिंग नाही, टूल रूम, डाय स्टोअर, तपासणी, प्रशिक्षण ही कामं निर्बंधाविना, सहा महिन्यांनी फेरतपासणी. निदान नव्हतं.

एचआर मॅनेजरनं पत्र परत माझ्याकडे सरकवलं. “नेमकं झालंय काय त्यांना?”

“काय करू शकतात आणि काय नाही ते लिहिलंय.”

“मग सरळ अनफिट लिहा ना. पुढचं आम्ही बघतो.”

“ज्या कामाला अनफिट, त्याला लिहिलंय. माणसाला अनफिट लिहिता येत नाही.”

त्यांना चिडायचं कारण होतं. रिकामी जागा त्यांना भरायची होती आणि वरच्यांना उत्तर त्यांनाच द्यायचं होतं. युनियननं भत्ता राखण्यासाठी औद्योगिक विवाद अधिनियमाच्या कलम ९-अ ची, म्हणजे सेवाशर्ती बदलण्याआधी द्यायची, नोटीस न दिल्याचा मुद्दा काढला. तो टिकला असता असं मला वाटत नाही. भत्ता कामाशी जोडलेला होता, माणसाशी नाही. अखेर तोड निघाली ती प्लांट हेडच्या हिशोबामुळे: दोन नवे ऑपरेटर तयार करायचे होते आणि डाय बसवण्याचं त्या शॉपमधलं सगळं ज्ञान या एका माणसाच्या हातात होतं.

निष्पत्ती

दादा डाय स्टोअरला गेले. निम्मा वेळ नव्या ऑपरेटरांना शिकवणं. मूळ पगार तसाच राहिला. क्रेनचा भत्ता तीन महिन्यांनी थांबला आणि ओव्हरटाइमही घटला, म्हणजे घरात येणारे पैसे कमी झाले, हे झाकण्यात अर्थ नाही. टिमोलॉल बदलल्यावर नाडी ६८ वर आली. दाब दोन्ही डोळ्यांत पंधराच्या आसपास राहिला, आणि पुढच्या दोन क्षेत्र-तपासण्यांत नवीन काही गेलेलं नव्हतं. भाऊ-बहिणींनाही तपासून घ्या, हे सांगितल्यावर बहिणीची तपासणी झाली. तिचा दाब सीमारेषेवर निघाला, तिच्यावर आता लक्ष आहे.

आजाराचं नाव मेडिकल रूमबाहेर गेलं नाही, पण शॉपनं स्वतःच एक ठरवून टाकलं: दादांना मोतीबिंदू झालाय, ऑपरेशन झालं की परत येतील. दादांनी ते खोडून काढलं नाही. तो त्यांचा हक्क.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त सुधारणा सुरुवातीलाच शक्य होती. बोटं दाखवून समोरासमोर क्षेत्र तपासायला दोन मिनिटं लागतात आणि कोणतंही यंत्र लागत नाही. ती चाचणी ओबडधोबड आहे, दादांच्या डाव्या डोळ्यातलं तिला सापडलं नसतं. उजव्यातलं सापडण्याची शक्यता मात्र चांगली होती. तपासणीच्या गाडीशी झालेल्या करारात ती नव्हती, कारण नियमात ‘दृष्टी आणि रंग’ एवढंच लिहिलंय आणि कराराचे दर त्याच शब्दांवर ठरतात.

दादांच्या बाजूनं बघितलं तर निदान झालं त्याच दिवशी ‘मी क्रेन चालवतो, वर बघावं लागतं’ हे वाक्य नेत्रतज्ज्ञांना सांगायला हवं होतं. मग कारखान्याला सांगावं की नाही हा प्रश्न त्यांना एकट्याला डोक्यात घोळवावा लागला नसता आणि सल्ला निदान कामाला धरून मिळाला असता. आणि फॉर्मच्या आधी डॉक्टरला भेटायचं, हा क्रम. ते शेवटी तसेच आले, पण एक फेरी उलटून.

फॉर्ममध्ये दोन बदल मी सुचवले होते. ‘गोळ्या, इंजेक्शन, डोळ्यात किंवा नाकात घालायचे थेंब यांपैकी काही चालू आहे का’ हा प्रश्न मान्य झाला. भरलेला फॉर्म बंद पाकिटात थेट मेडिकल रूममध्ये यावा, हा झाला नाही. सुपरवायझरच्या हातून गोळा केले तरच सगळे फॉर्म वेळेत येतात, असं उत्तर मिळालं. ते खरंही आहे.

पैशाचा मुद्दा मात्र फॉर्मपेक्षा मोठा होता. वैद्यकीय कारणानं काम बदललेल्याचा भत्ता वर्षभर राखायचा आणि मग टप्प्याटप्प्यानं उतरवायचा, असं कलम वेतन करारात आधीपासून असतं तर दादांना मेडिकल रूमची पायरी चढायला इतका वेळ लागला नसता. ते कलम नंतर युनियनच्या मागणीपत्रात आलं, पहिल्या पानावर नाही पण आलं. मी तिथून निघालो तेव्हा त्यावर बोलणी चालू होती. दादांचा भत्ता थांबल्यानंतरच्या सहामाही तपासणीत ४५ च्या पुढच्या सगळ्या क्रेन आणि फोर्कलिफ्ट ऑपरेटरांनी डोळ्यांच्या प्रश्नावर ‘नाही’ लिहिलं, आणि कंपनीच्या खर्चानं ऐच्छिक ठेवलेल्या दाबाच्या तपासणीला त्यांच्यापैकी एकही आला नाही.